बिरवाडीचे केसपेपर

महाराष्ट्रातल्या हृदयरोग संशोधनाचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप परळकडे वळते. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. त्याच रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपणाची शस्त्रक्रिया केली, आणि डॉ. के. के. दाते यांनी शवासनाने रक्तदाब किती उतरतो हे मोजून १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. मोठे शहर, मोठे रुग्णालय, नामवंत प्राध्यापक आणि त्यांच्यामागे राउंडला फिरणारे तरुण डॉक्टर, ही संशोधक घडण्याची रीत आपल्या ओळखीची आहे, आणि ती खोटी नाही. तरीही विंचूदंशाने हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या इजेवरचे महाराष्ट्रातले अतिशय महत्त्वाचे काम परळमध्ये झाले नाही. ते रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्रीच्या खोऱ्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू झाले आणि महाडला वाढले. तिथे प्राध्यापक नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, ग्रंथालयही नव्हते. मग तिथे संशोधक कसा घडला? माझे म्हणणे असे की तरुण संशोधकाला तीन गोष्टी घडवतात: रुग्णाजवळ बसून केलेली नियमित नोंद, त्या नोंदीवर बरोबरीच्या नात्याने शंका घेणारा सहकारी, आणि ती नोंद तपासून उत्तर मागणारे बाहेरचे जग. थोर गुरूचा सहवास मिळाला तर उत्तमच, कारण चांगला गुरू या तिन्ही गोष्टी एका जागी आणून देतो. पण त्या वेगवेगळ्या ठिकाणांहूनही गोळा करता येतात, हे रायगडच्या किनारपट्टीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास दाखवतो. त्या टिकवायच्या कशा, हे मात्र या किनाऱ्याला अजून पुरते साधलेले नाही.

आज ज्याला आपण रायगड म्हणतो तो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. महाड आणि पोलादपूर हे त्याचे दक्षिणेकडचे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याला लागून आहेत. सावित्री नदी तिथून उतरते आणि महाडच्या पुढे तिची खाडी होऊन बाणकोटला समुद्राला मिळते. जांभ्या दगडाची घरे, कुडाच्या भिंती, गोठ्याशेजारी रचलेला पेंढा, सरपणाचे ढीग आणि अनवाणी चालणारी माणसे, अशा जागी लाल विंचवाला आसरा मिळतोच. बोटभर लांबीचा हा विंचू मोठ्या काळ्या इंगळीपेक्षा दिसायला किरकोळ असला तरी जीवघेणा तोच. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात अंगाला सुटणाऱ्या घामाचा उल्लेख आहे, तो आध्यात्मिक अर्थाने असला तरी ज्याने दंश पाहिला आहे त्याचा आहे. कोकणातल्या घराघरांत ही लक्षणे माहीत होती. विंचू उतरवणारे मांत्रिकही ती रोज पाहत. म्हणजे लक्षणे पाहिलेली माणसे शतकानुशतके होती. कुणाला घाम किती वाजता सुटला, नाडी किती होती, त्यापैकी कोण वाचले आणि कोण गेले, हे ओळीने लिहून ठेवणारे कुणी नव्हते. विज्ञानाची सुरुवात या लिहिण्यापासून होते.

तशी नोंदीची परंपरा मुंबईत होती. १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेतून उभ्या राहिलेल्या आणि पुढे हाफकिन यांचे नाव मिळालेल्या संस्थेत कायस आणि कृ. श्री. म्हसकर यांनी सर्पदंशावरच्या देशी वनस्पतींचा कसून तपास केला, आणि १९३२ मध्ये भारतीय विंचवांवर शंभर पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. म्हसकरांच्या त्या कामाचे मोल मोठे आहे. पण प्रयोगशाळेत येणारा विंचू बाटलीतून येतो. पोलादपूरच्या वाडीतला माणूस मध्यरात्री बैलगाडीतून येतो, आणि त्याला काय होते ते बाटलीत दिसत नाही. १९६१ मध्ये मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कोकणातल्या विंचूदंशावर एक छोटे टिपण लिहिले आणि दंशानंतर फुप्फुसात पाणी होऊन माणसे दगावतात याकडे लक्ष वेधले. ही फार मोलाची सूचना होती. तिच्यामागे धावणारे मात्र पुढची पंधरा वर्षे कुणी निघाले नाही. मला वाटते, आपल्याकडच्या वैद्यकीय इतिहासातली ही नेहमीची दुखरी जागा आहे. सूचना येते, तिला वारस मिळत नाही.

१९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर बिरवाडीला वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, गरिबीत शिकलेला, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला हा तरुण डॉक्टर कोकणाला अगदी नवखा होता. नवखेपणाचा एक लाभ असतो: स्थानिक माणसाला जे नेहमीचे वाटते ते त्याला प्रश्न म्हणून दिसते. विंचू चावलेली तगडी माणसे आणि लहान मुले आरोग्य केंद्रात येत. आधी उलट्या, मग दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, मुलांमध्ये आणि पुरुषांमध्ये लिंगाला आपोआप येणारी ताठरता. आणि काही तासांनी धाप, तोंडातून गुलाबी फेस, मृत्यू. त्या काळी गंभीर दंशांमध्ये शंभरातली पंचवीस-तीस माणसे जात. पुस्तकांत उपचार म्हणून जे मिळे त्यात अॅट्रोपिन, स्टेरॉइड, मॉर्फिन, डिजॉक्सिन, भुलीच्या औषधांचे मिश्रण असे सगळे होते, आणि कशानेच भरवसा वाटत नव्हता. बावस्करांनी रुग्णांना दाखल करून घ्यायला आणि तासातासाला काय बदलते ते केसपेपरवर उतरवायला सुरुवात केली. या नोंदींचा पहिला मोठा निष्कर्ष १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: उलटी, घाम, गार पडलेले हातपाय आणि लिंगाची ताठरता ही लक्षणे दिसली की पुढे हृदयावर हल्ला होणार हे आधीच ओळखता येते. वाचायला साधे वाटणारे हे वाक्य त्या खोऱ्यात क्रांतिकारक होते. आरोग्य केंद्रातल्या कुठल्याही डॉक्टरला कोणत्याही यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी आणि हाताने, धोक्याचा रुग्ण वेगळा काढता येऊ लागला आणि त्याला वाचवण्यासाठी काही तास हाती आले.

इथे कुणी म्हणेल, हे संशोधन कसले, हे तर चांगले निरीक्षण. हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुने आहे. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणीगावात जेम्स मॅकेन्झी नावाचा साधा फॅमिली डॉक्टर १८७९ पासून पाव शतकाहून अधिक काळ प्रॅक्टिस करत होता. हृदयाचा आजार असलेल्या रुग्णांपैकी कोण टिकेल आणि कोण कोसळेल हे पुस्तके सांगत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. नाडीचे आलेख काढणारे एक उपकरण त्याने जुळवले, त्याच त्याच रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, आणि १९०२ मध्ये नाडीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजच्या हृदयरोगशास्त्राचा एक पाया त्या गिरणीगावात पडला. त्याचा युक्तिवाद असा की मोठ्या रुग्णालयातला प्राध्यापक रोगाचा शेवट पाहतो, आरंभ पाहतो तो गावातला डॉक्टर. बिरवाडीच्या बाबतीत हे शब्दशः खरे ठरते. विंचूदंशानंतरचे पहिले चार तास मुंबईच्या रुग्णालयात कधी पोचलेच नसते. रुग्ण पोचलाच तर फुप्फुसे भरलेल्या अवस्थेत. रोगाचा आरंभ जिथे दिसतो तिथे बसलेल्या माणसाकडेच तो लिहिण्याची संधी असते, आणि ती त्याने घेतली तर त्या नोंदीला प्रयोगशाळेतल्या मोजमापापेक्षा कमी मानायचे कारण नाही.

पण नुसती नोंद पुरत नाही. नोंदीला अर्थ लागतो तो इतरांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे. १९६० च्या दशकात इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या बीरशेबा शहरात मोशे गुरॉन या हृदयरोगतज्ज्ञाने विंचूदंशाच्या रुग्णांचे ईसीजी काढून हृदयाच्या स्नायूला इजा होते हे दाखवले, आणि त्यांच्या लघवीत अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचे प्रमाण वाढलेले असते हेही मांडले. त्रिनिदादमध्ये १९६३ मध्ये पून-किंग यांनी विंचूदंशातून होणाऱ्या हृदयस्नायूच्या दाहावर लिहिले होते. बावस्करांच्या निबंधांत या कामाचे संदर्भ आहेत. ज्याला आपण मार्गदर्शन म्हणतो त्याचा मोठा भाग महाडला असा छापील पानांतून आला. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एमडी करताना शिस्तबद्ध औषधशास्त्र आणि हृदयशास्त्राची त्यात भर पडली, आणि मग हा माणूस शहरात न थांबता पुन्हा कोकणात परतला. या परत येण्याचे कौतुक सहसा त्यागाच्या भाषेत केले जाते. मला ते शास्त्रीय निर्णय म्हणून जास्त महत्त्वाचे वाटते. पुण्याने त्यांना नवी हत्यारे दिली. ती चालवायची जागा सावित्रीच्या खोऱ्यात होती.

ते हत्यार नेमके काय होते हे समजून घेतल्याशिवाय या गोष्टीचे मर्म कळत नाही. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते. त्यामुळे शरीरात अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो, सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि हृदयाला तोंड दाबलेल्या नळीतून पाणी रेटणाऱ्या पंपासारखे काम करावे लागते. डावा कप्पा थकतो, रक्त मागे तुंबते, फुप्फुसात पाणी उतरते. एवढे चित्र डोळ्यांसमोर आले की जुने उपचार का फसत होते ते उलगडते. अॅट्रोपिन आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवते. बीटा ब्लॉकर हृदयाचा जोर कमी करतो, पण वाहिन्या आवळणाऱ्या अल्फा ग्राहकांना मोकळे रान देतो. डिजॉक्सिन थकल्या हृदयाला चाबूक मारते, पण दाब तसाच राहतो. उपाय हवा होता तो वाहिन्या सैल करण्याचा. पहिल्यांदा सोडियम नायट्रोप्रुसाइडचे सलाईन वापरले गेले. त्याने फुप्फुसातले पाणी उतरते, पण ते उजेडापासून झाकून ठेवावे लागते, थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाब मिनिटामिनिटाला पाहावा लागतो. वीज जाणाऱ्या, नर्स अपुऱ्या असणाऱ्या ग्रामीण रुग्णालयात हे किती वेळा जमणार? तिथून वाट निघाली ती प्राझोसिनकडे. उच्च रक्तदाबासाठी बाजारात असलेली ही स्वस्त गोळी नेमक्या अल्फा ग्राहकांनाच अडवते, म्हणजे विषाने सोडलेला लोंढा ज्या दारातून वाहिन्या आवळतो तेच बंद करते. हिंमतराव आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांनी हा उपचार १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

त्या वेळी अनेकांना हे उलटे वाटले असणार, आणि तसे वाटणे चूक नव्हते. हातपाय गार, नाडी बारीक, रुग्ण शॉकमध्ये दिसतो, आणि त्याला रक्तदाब उतरवणारे औषध द्यायचे? शिवाय प्राझोसिनच्या पहिल्याच मात्रेने काहींचा दाब एकदम कोसळतो, हेही माहीत होते. उत्तर नोंदींतच होते. हे हातपाय रक्त कमी झाल्यामुळे गार पडलेले नव्हते, वाहिन्या आवळल्यामुळे गार पडलेले होते. वाहिन्या सुटल्या की ते गरम होतात आणि ते गरम होणे हीच सुधारणेची खूण. म्हणून पुढे मात्रा वजनाप्रमाणे, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम अशी ठरली, रुग्णाला आडवे ठेवायचे आणि शरीरातले पाणी कमी पडू द्यायचे नाही हे नियम जोडले गेले. गावातल्या नर्सने हात लावून उपचार चालतो आहे की नाही ते ठरवावे, इतके सोपे हे झाले. मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो: औषधाची निवड जागेने केली. जिथे तो उपचार पोचवायचा आहे तिथली वीज, रस्ता, मनुष्यबळ हे संशोधकाच्या प्रश्नातच धरलेले होते.

प्राझोसिन आल्यानंतर गंभीर दंशातले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास उतरले, असे या क्षेत्रातले लेखन सांगते. इथे चिकित्सक वाचकाने थांबायला हवे. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवणे म्हणजे प्रयोग नव्हे. त्याच दशकांत रस्ते सुधारले, एसटी वाडीपर्यंत गेली, लोक मांत्रिकाकडे थोडा कमी वेळ घालवून लवकर दवाखान्यात येऊ लागले, डॉक्टर अपायकारक औषधे देईनासे झाले. या सगळ्यांचा वाटा त्या घसरणीत असणारच. हे मान्य केल्याने प्राझोसिनचे श्रेय संपत नाही. विषाची कृती आणि औषधाची कृती एकमेकांना नेमकी छेद देतात, आणि एकाच रुग्णात गोळीनंतर काही तासांत होणारा बदल रस्त्यांनी समजावता येत नाही. पण किती श्रेय कशाचे, हा प्रश्न खुला ठेवणे हे चांगल्या संशोधकाचे लक्षण आहे, आणि कोकणात तो खुला राहिला याचा पुरावा पुढच्या वादात मिळतो.

वाद प्रतिविषाचा होता. हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावर घोड्याच्या रक्तातून प्रतिविष तयार करण्याचे काम झाले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याबद्दल निबंध आले. मुंबईत शरीरक्रियाशास्त्राचे राधाकृष्ण मूर्ती विंचूदंशात चयापचय कसा बिघडतो याचा प्राण्यांवर अभ्यास करत होते आणि इन्शुलिनच्या बाजूने मांडणी करत होते. चिपळूणचे डॉ. नातू मूर्ती आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण रुग्णालयातले रुग्ण पाहत होते. त्यांचे प्रतिविषावरचे काम २००६ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि गंभीर दंशात प्रतिविष श्रेष्ठ असल्याचे त्यांनी मांडले. महाडच्या बावस्करांचा भर तोवर प्राझोसिनवर होता. जगातही एकमत नव्हते: ट्युनिशियात अब्रूग यांनी शेकडो रुग्णांवर केलेल्या चाचणीने, जी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, प्रतिविषाचा फायदा दिसत नाही म्हटले, तर २००९ मध्ये अमेरिकेतल्या लहान मुलांवरच्या चाचणीत वेगळ्या जातीच्या विंचवाच्या दंशात ते स्पष्टपणे उपयोगी ठरले. विंचू वेगळा, विष वेगळे, म्हणून उत्तरे वेगळी. आपल्या लाल विंचवाचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागणार होते.

ते महाडने शोधले, आणि स्वतःच्याच आधीच्या भूमिकेची परीक्षा घेऊन. हिंमतराव आणि प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. एकाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल आला: दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण एकत्र उपचारात ९१.४ टक्के, नुसत्या प्राझोसिनमध्ये २२.९ टक्के, बरे व्हायला लागलेला सरासरी वेळ ८ तास विरुद्ध १७.७ तास. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते, रुग्णसंख्या लहान होती, एकाच रुग्णालयातली होती, या मर्यादा खऱ्या आहेत. तरीही पंचवीस वर्षे एका गोळीशी ज्यांचे नाव जोडले गेले त्यांनीच ती गोळी एकटी पुरेशी नाही असे दाखवणारी चाचणी करून छापावी, याला मी तरुण संशोधकांसमोर ठेवण्याजोगा सर्वोत्तम धडा मानतो. मोठ्या विद्यापीठांतही अशी उदाहरणे थोडी सापडतात.

या कामावर दोन नावे आहेत, ही गोष्ट फार वेळा नजरेआड होते. वर्तमानपत्रांनी आणि २०२२ च्या पद्मश्रीनेही ही कथा एका माणसाची केली, आणि त्या माणसाचा तो हक्कच आहे. पण १९८६ पासूनचे महत्त्वाचे निबंध दोघांच्या सहीचे आहेत. दूरच्या गावात काम करणाऱ्या संशोधकाला सर्वांत कमी मिळणारी वस्तू म्हणजे रोजचा टीकाकार. ज्याच्याशी पहाटे तीनला या रुग्णाला काय झाले यावर वाद घालता येईल असा बरोबरीचा डॉक्टर घरातच असणे, हा महाडच्या प्रयोगातला निर्णायक घटक असावा असे मला वाटते. चिपळूणला तीच गरज मुंबईच्या सहकाऱ्यांनी भागवली. दोन्हींत समान धागा एकच: एकट्याची नोंद दुसऱ्या डोळ्यांखालून गेली.

सर्वांत जोरदार आक्षेप असा येईल की बावस्कर हे अपवाद आहेत. अशा हट्टी, हुशार माणसांवरून नियम काढता येत नाही. हा आक्षेप निम्मा खरा आहे. १९७६ नंतर या किनाऱ्यावर शेकडो तरुण वैद्यकीय अधिकारी आले, ग्रामीण सेवेचा बाँड पुरा करून गेले; त्यांनीही विंचूदंश पाहिले, सर्पदंश पाहिले, आणि त्यांच्या नोंदी रद्दीत गेल्या. पण यावरून हुशारी दुर्मीळ होती असा निष्कर्ष निघत नाही. हुशारीला धरून ठेवणारी रचना दुर्मीळ होती असा निघतो. मॅकेन्झीची पुढची गोष्ट इथे उपयोगी पडते. तो लंडनला गेल्यावर थॉमस लुईस हा तरुण त्याच्या संपर्कात आला आणि नाडीच्या अनियमिततेचे प्रश्न घेऊन ईसीजीकडे वळला. आधुनिक हृदयरोगशास्त्राची एक मोठी शाखा त्या भेटीतून वाढली. मॅकेन्झीने पुढे १९१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथे गावातल्या डॉक्टरांना एकत्र आणून आरंभीच्या लक्षणांच्या नोंदी करणारी संस्था काढली. १९२५ मध्ये तो गेल्यावर तिचा जोर ओसरला. म्हणजे एका तरुणाला दिलेला प्रश्न टिकला, माणसाभोवती उभी केलेली संस्था टिकली नाही. महाडकडे प्रश्नांची कमतरता कधीच नव्हती. ते हाती घेणारी पुढची पिढी मिळवून देणारी व्यवस्था नव्हती.

दुसरा आक्षेप आजच्या विज्ञानाकडून येतो. हृदयस्नायूच्या आजारांचे संशोधन आता जनुकांपर्यंत गेले आहे. हृदयस्नायूतल्या एका प्रथिनाच्या, एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो आणि तो दोष दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, हे २००९ मध्ये धंडपाणी, थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले; तो ज्यांच्यात आहे त्यांना उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका जास्त. असे काम केसपेपरवर होत नाही, त्याला हैदराबादसारखी प्रयोगशाळा लागते. हे पूर्णपणे मान्य. पण प्रयोगशाळा फक्त एवढे सांगते की दोष आहे. तो बाळगणारा शेतकरी पन्नाशीत धापा टाकतो की सत्तरीपर्यंत भात लावतो, त्याच्या घरात कुणी अचानक गेले का, हे पिढ्यानुपिढ्या एकाच कुटुंबाला ओळखणारा डॉक्टरच सांगू शकतो. जनुकाच्या पुढचा प्रश्न पुन्हा बिरवाडीसारख्या जागी येऊन थांबतो, आणि तिथे नोंद नसेल तर प्रयोगशाळेचा निष्कर्षही अर्धाच राहतो. प्राझोसिनने वाचलेल्या मुलांच्या हृदयाचे पुढे काय झाले, स्नायू पूर्ण बरा झाला की चाळिशीनंतर त्याचा हिशेब द्यावा लागला, हाही असाच प्रश्न आहे. त्यांतली सुरुवातीची मुले आज पन्नाशीच्या घरात असतील आणि काही तरी याच खोऱ्यात सापडतील.

अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या किनाऱ्यावर प्रथमच सरकारी प्राध्यापक, ग्रंथालय, विद्यार्थी आणि रुग्ण एका छताखाली आले आहेत. तिथून निघणारे तरुण डॉक्टर बाँडसाठी पोलादपूर, महाड, श्रीवर्धन, मुरूडच्या केंद्रांवर जातील, तेव्हा त्यांच्या केसपेपरची एक प्रत महाविद्यालयात जमा व्हावी, महिन्यातून एकदा एखाद्या वरिष्ठाने त्या वाचून प्रत्येकाला निदान दोन प्रश्न परत पाठवावेत, आणि जो प्रश्न दुसऱ्या वर्षीही टिकेल तो बदलून येणाऱ्या पुढच्या डॉक्टरच्या हाती त्याच वहीत द्यावा, एवढी तरतूद फार खर्चाची नाही. विंचूदंशाच्या जुन्या रुग्णांपासून सुरुवात करता येईल. बोलावून ईसीजी आणि इको काढण्याइतकी साधने आता जिल्ह्यात आहेत.